आधी थांबण्याचं बघ

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, सेकंड हँड गाडी आहे, कुंभार्ली घाट काढेल ना?" चौतीस वर्षं मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, आधी कराडला आणि मग चिपळूणला. गाडी घेतलेल्या प्रत्येकाने मला हेच विचारलं. गाडी घाटात थांबेल ना, असं विचारणारा एकही भेटला नाही. खरी काळजी तिथे आहे. गाडी चालली नाही तर तुझा एक दिवस जाईल, टोचनवाल्याला पैसे जातील. गाडी थांबली नाही तर काय जाईल, ते मी सांगायला नको. तुझ्यासोबत तुझी आई आणि दोन्ही मुलं असणार आहेत.

म्हणून गाडीकडे बघायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी ब्रेक, मग टायर, मग काचा आणि दिवे, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. सीट कव्हर बदलतात, म्युझिक सिस्टिम बसवतात, इंजिन ऑईल महागातलं घालतात आणि टायर मात्र गोटा झालेले असतात. तू तसं करू नकोस. गणपतीला निघायच्या आधी दहा दिवस हे वाचून काढ आणि एकेक काम उरकून टाक. आदल्या दिवशी सगळी गॅरेजं भरलेली असतात, आणि घाईत केलेल्या कामावर माझा विश्वास नाही.

तुझ्या गाडीचे ब्रेक तेलावर चालतात. पेडल दाबलंस की नळीतलं तेल पुढे रेटलं जातं आणि चाकापाशी पॅड डिस्कवर आवळतात. या तेलाला एक खोड आहे, ते हवेतली ओल शोषून घेतं. वर्ष-दोन वर्षांत त्यात पाणी मुरतं. मग लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबून आकसत नाही, वाफ आकसते. त्यामुळे पेडल पायाखाली मऊ पडतं आणि खालीच जात राहतं. म्हणून ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चाललेली असो. आधीच्या मालकाकडे बदलल्याची पावती नसेल तर बदललेलंच नाही असं धरून चाल. डॉट ३ घालायचं की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. त्याप्रमाणेच घालायला सांग.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाब. ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू कर. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर, म्हणजे ब्रेकला जोर देणारा भाग, ठीक आहे. बसलं नाही तर गॅरेजमध्ये दाखवल्याशिवाय गाडी घाटात घालू नकोस. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी तेल झिरपतंय. गाडी तिथेच ठेवायची, मेकॅनिकला घरी बोलवायचं. ब्रेक मारताना चिरका आवाज येत असेल तर पॅड संपत आलेत. पुष्कळ पॅडना त्यासाठीच एक पत्री लावलेली असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते. ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल तर एका बाजूचा ब्रेक कमी धरतोय किंवा दुसऱ्या बाजूचा अडकतोय. यातलं काहीही 'गणपती झाल्यावर बघू' म्हणून ठेवायचं नाही.

आता घाट. तू पुण्याहून सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत हेळवाकला येशील. तिथून पुढे कुंभार्ली उतरायला लागतो आणि खाली पोफळी येते. हेळवाकला थांब. चहा पी, मुलांना पाय मोकळे करू दे. आमच्या डेपोतले जुने चालक घाट उतरायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे, चारही टायरना हात लावायचे, दोन वेळा ब्रेक दाबून बघायचे, आणि मगच बसायचे. तूही फेरी मार. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय, हे तुला तिथेच कळेल. हात मात्र टायरला लाव, रिमला किंवा डिस्कला नको, पोळशील.

आमच्याकडे नियम असा होता, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. आताच्या गाड्या हलक्या आहेत, पिकअप चांगला असतो, त्या तिसऱ्यातही चढून जातात. म्हणून तुला मी थोडं बदलून सांगतो. चढताना तिसरा लागला तरी उतरताना दुसरा टाक. इंजिन घोंघावेल, घाबरू नकोस, तो आवाज गाडी धरून ठेवल्याचा आहे. गिअर वळणाच्या आधी टाकायचा, वळणात नाही. ब्रेकवर पाय ठेवून सतत हलकं दाबत राहायचं नाही, त्याने पॅड तापतच राहतात. वेग वाढला की एकदा नीट दाबायचं, वेग खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. तेवढ्या वेळात पॅडना वारा लागतो. जळकट वास आला तर रुंद जागा बघून गाडी उभी कर, अर्धा तास थांब. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नकोस.

न्यूट्रल करून उतरायचं नाही. हे मी तुझ्या बापालाही सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं होतं. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली आहे. तुझ्या गाडीत इंजेक्शन आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलास की इंजिनला जाणारं पेट्रोल गाडी स्वतःच बंद करते, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलंस तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि गाडी धरणारं इंजिन मात्र हातचं जातं. चावी बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. बूस्टरमध्ये उरलेल्या जोरावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉकही होतं. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तू रोज बघतेस. तिथे किती गाड्या आणि किती माणसं गेली, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अवजड गाड्या तिथे न्यूट्रलमध्ये सोडल्या जातात, हे पोलीस वर्षानुवर्षं सांगतायत. परतताना त्या उतारावर आरशात बघत राहा. मागून ट्रक वेगाने येताना दिसला तर त्याच्याशी हुज्जत नको, बाजू दे.

आणि समजा, इतकं करूनही ब्रेक लागला नाही, तर पेडल भराभर तीन-चार वेळा दाब. कधी कधी थोडा जोर परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आण. हँडब्रेक एकदम खेचायचा नाही, बटण दाबून धरून थोडा थोडा ओढायचा. हॉर्न आणि दिवे चालू. शेवटी काही राहिलंच नाही तर डोंगराकडच्या चरीत, मातीच्या ढिगात गाडी घाल. पत्रा गेला तरी चालेल. दरीची बाजू कधीच नाही.

अरुंद घाटात समोरून चढणारी गाडी आली तर तिला आधी वाट द्यायची. हा कायद्यातला नियम आहे आणि शहाणपणाचाही, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. आणि धबधबा बघायला वळणावर गाडी लावायची नाही, मुलं कितीही म्हणोत.

टायरचं आता. तुला गाडी विकणाऱ्याने 'टायर नवेच आहेत' म्हणून सांगितलं असेल. नक्षी खोल दिसते म्हणजे टायर नवा, असं नसतं. टायरच्या कुशीवर चार आकडे चौकटीत कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चारही टायरचे आकडे बघ, स्टेपनीचाही बघ. पाच-सहा वर्षं झाली की रबर कडक होतं, कुशीला बारीक तडे जातात, आणि असा टायर तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर केव्हा फुटेल सांगता येत नाही. नक्षीच्या खोबणीत मधे मधे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की नक्षी १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर कायद्यानेही संपला. कोकणातल्या पावसासाठी मी त्याच्याही बऱ्याच आधी बदलतो, कारण खोबणीतूनच पाणी बाहेर पडायचं असतं. खोबण उथळ झाली की चाक पाण्यावर तरंगतं. तसं झालं तर स्टिअरिंग एकदम हलकं लागेल. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. दोन क्षणांत पकड येते.

दोनच टायर घ्यायचे झाले तर नवे मागे बसव. दुकानदार पुढे बसवायला निघेल, त्याला थांबव. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि तुला ते जाणवतं. मागचं घसरलं तर गाडीच गरकन फिरते.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं आहे. टायरच्या कुशीवर लिहिलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नाही. गाडी पूर्ण भरलेली असेल तर आकडा थोडा वेगळा असतो, तोही चिठ्ठीत मिळेल. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. शंभर किलोमीटर चालवून पंपावर गेलीस तर हवा आपोआप वाढलेली दिसते आणि तो पोरगा ती काढून टाकतो. नायट्रोजन भरायला पैसे मागतील. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नियमित हवा बघणाऱ्याला त्याची गरज नाही.

स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला केला आहे की तो परका वाटतच नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवायला सुरुवात झाली, त्यावरून हे नाव पडलं. नाव राहिलं, चाक मात्र लोक विसरतात. डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, हे आजच बघ. आणि एकदा अंगणात, उजेडात, स्वतः चाक बदलून बघ. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करायचे. चाक उचलल्यावर ते फिरायला लागतं. पहिला गिअर, हँडब्रेक, आणि उरलेल्या चाकांना दगड. जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. नट कसताना समोरासमोरचे कसायचे, ओळीने नाही. दुकानात यंत्राने कसलेला नट हाताने सुटत नसेल तर पान्यावर पाय देऊन उभी राहा, वजनाने सुटतो.

खिळा घुसलेला दिसला आणि हवा टिकून असेल तर खिळा उपटू नकोस. ट्यूबलेस टायर त्याला धरून असतो. तसंच हळू पंक्चरवाल्यापर्यंत जा.

हायवेवर चाक बदलायची वेळ आली तर ऐक. गाडी जाईल तितकी डावीकडे घे, शक्यतो रस्ता सोडून. रिम खराब झाली तरी चालेल, पण दोनशे मीटर पुढे सुरक्षित जागा असेल तर तिथपर्यंत हळू ने. चारही इंडिकेटर लाव, लाल त्रिकोण मागे किमान पन्नास पावलांवर ठेव. सगळ्यांना डाव्या दाराने उतरव आणि कठड्यापलीकडे उभं कर. गाडीत कुणी बसायचं नाही, गाडीच्या मागे कुणी थांबायचं नाही. बंद पडलेल्या गाडीपेक्षा तिच्यावर मागून आदळणाऱ्या गाडीने जास्त माणसं जातात. उजव्या बाजूचं चाक असेल आणि वाहनं अंगावरून जात असतील तर बदलूच नकोस. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लाव. माणूस जखमी असेल तर १०८, आणि कशालाही ११२.

काचांना लोक किरकोळ समजतात. वायपरचं रबर वर्षभरात उन्हाने मरतं, दर मे महिन्यात बदलून टाक. वायपर फिरून पट्टे उमटत असतील तर आधी काच धू, कारण तिच्यावर डिझेलच्या धुराचा चिकट थर असतो. काच आतून धूसर झाली की फडक्याने पुसत बसू नकोस, एक हात स्टिअरिंगवरून सुटतो. ए.सी. चालू कर आणि वारा पुढच्या काचेवर सोड. ए.सी. हवेतली ओल काढतो, मिनिटभरात काच साफ होते. कुंभार्लीत धुकं लागेल तेव्हा डिपरच ठेव. अपरचा उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांवर येतो. आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावायचे नाहीत. मागच्याला कळत नाही गाडी उभी आहे की चालते आहे, आणि तुला वळायचं असेल तर ते दाखवायला काही उरत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा उसाचा हंगाम लागलेला असेल. रात्री कराड-साताऱ्याच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. मागे दिवा नसतो, ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, आणि समोरच्या गाडीच्या झोतात ती काळी ट्रॉली दिसतच नाही. आम्ही अशा किती गाड्या ओढून आणल्या, त्याची मोजदाद नाही. समोरून झोत आला की झोताकडे बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघायचं आणि वेग कमी करायचा. खरं तर माझं ऐकशील तर त्या महिन्यांत अंधार पडायच्या आत पोचायचंच बघ.

पाण्याबद्दल आता सांगतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला. आमच्या एस.टी.च्या दोन गाड्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, माणसांसकट गेल्या. त्या चालकांचा काही दोष नव्हता, त्यांना अंधारात पूल नाही हे दिसणंच शक्य नव्हतं. पण तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो, नदी फुगलेली असेल आणि रात्र असेल तर निघायचं नाही. पाटणला राहा, कोयनानगरला राहा, कुणाच्या घरी राहा. गणपती एक दिवस उशिरा बघितला तरी चालतो.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोटी गाडी उचलू शकतं. पाणी नुसतं साचलेलं असेल आणि चाकाच्या निम्म्याच्या आत असेल, तरच जायचं. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मधे थांबायचं नाही. बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक हलके दाबून वाळवून घ्यायचे. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नकोस. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी मला पुरे. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ न मारता ओढून आणलेली गाडी थोड्या खर्चात सुटते, मारलेली गाडी इंजिन खोलायला लावते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा हे मी डोळ्यांनी बघितलं. पाणी ओसरल्यावर मी आमच्या आळीत दारोदार जाऊन सांगत होतो, बॅटरी सोडवा, चावी लावू नका. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्या आजही चालतायत. आमच्या शेजारच्याला राहवलं नाही, त्याने चावी फिरवली. साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेल्या इंजिनाची भरपाई बहुधा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तुझ्या पॉलिसीत ते आहे का बघ. कोकणात येणाऱ्याने घ्यावंच.

आणि पाणी गाडीभोवती चढायला लागलं तर गाडीचा मोह सोड. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माणसं बंद गाडीत गुदमरून गेली. पाणी दाराला टेकायच्या आत काच खाली कर आणि बाहेर पड. काच उतरली नाही तर सीटवरची डोकं टेकायची उशी उपसून काढ, तिच्या लोखंडी दांड्याने बाजूच्या काचेचा कोपरा फोड. कोपरा, मध्य नाही. पुढची काच फोडायला जाऊ नकोस, तिला आत पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही.

इंजिनाचं मी थोडक्यात आटपतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा म्हणजे आत्ता थांब, पिवळा म्हणजे गॅरेज गाठ. लाल दिव्यांतला तेलाच्या डब्याचा दिवा सगळ्यांत कडक. तो लागला की पुढचा फाटाही बघायचा नाही, तिथेच इंजिन बंद. महिन्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी काढून बघ. ऑईल दोन खुणांच्या मधे हवं. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. गाडीखाली डाग पडला तर बोट लावून बघ, स्वच्छ पाणी ए.सी.चं असतं, हिरवं किंवा गुलाबी कूलंट, काळं ऑईल. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालूच करू नकोस.

माझ्या तरुणपणी बोरघाटात फियाट गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या, इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून. आता गाड्या तशा तापत नाहीत, म्हणून तापल्या की लोकांना काय करायचं सुचत नाही. खंबाटकीत काटा वर जायला लागला तर ए.सी. बंद कर आणि हीटर पूर्ण सोड, तो इंजिनातली उष्णता आत ओढतो. घाम येईल, पण गाडी वाचते. तरी काटा उतरला नाही तर थांब. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंडावर येतं. आमच्या वर्कशॉपमधल्या एका हेल्परचा हात असा कोपरापर्यंत भाजला होता. पाऊण तास थांब, मग जाड फडकं धरून हळू उघड.

बॅटरीचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. तुझी कधीची आहे ते तिच्यावर लिहिलेलं असेल. सेल्फ जड फिरायला लागला की वाट बघू नकोस. दुसऱ्याच्या बॅटरीवर गाडी चालू करायची झाली तर लाल वायर आधी, बंद गाडीच्या प्लसला आणि मग चांगल्या गाडीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही, कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मार. ऊब म्हणून मांजर आत बसलेलं असतं, आमच्याकडे कधी साप.

मेकॅनिककडे गेलीस की 'क्लच बदला' असं सांगायचं नाही. काय होतंय ते सांग. कधी होतं, चढावर की सपाटीला, गाडी थंड असताना की तापल्यावर. काम झाल्यावर जुना सुटा भाग परत माग, आणि ते आधीच सांगून ठेव. माझ्या ओळखीच्या एका बाईंकडून एका गॅरेजने पॅड बदलल्याचे पैसे घेतले. मी चाक उघडलं तर जुनेच पॅड होते, आणि ते संपलेले होते. असा माणूस चोर तर आहेच, पण त्याने तिच्या मुलांचा जीव टांगणीला लावला होता. दर सर्व्हिसला इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश असलं काही घालतील. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं तेवढंच करायचं. चांगला मिस्त्री मिळाला तर मात्र त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नकोस. तो तुला वीस वर्षं पुरेल.

पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावायचा, तुझ्या आईनेसुद्धा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली आणि ते गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले. धाकट्याला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, एअरबॅग उघडली तर त्याच्या अंगावरच येईल. त्याची सीट मागे बांध.

वाटेत अपघात दिसला तर थांबायला घाबरू नकोस. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीसाठी अडकवता येत नाही. मात्र आधी तुझी गाडी पुढे, सुरक्षित जागी लाव.

पहाटे चारला निघायचा बेत करू नकोस. ती झोपेची वेळ असते. सहाला नीघ. डोळे जड झाले तर चहाने काही होत नाही, गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोप.

पोफळीला उतरलीस की फोन कर. घरी आल्यावर गाडी अंगणात माडाखाली लावू नकोस, यंदाचे नारळ अजून उतरवलेले नाहीत. गोठ्याशेजारी जागा करून ठेवली आहे.